गोठ्याच्या नोंदी कशात ठेवायच्या: वही, गूगल शीट की अ‍ॅप?

नीराकाठ

नमस्कार मंडळी.

फलटणजवळ आमचा घरचा गोठा आहे. संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी नऊ, पंढरपुरी म्हशी दोन आणि कालवडी-वासरं धरून पाच. दोन्ही वेळचं दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं. आजवर सगळ्या नोंदी वडिलांच्या डोक्यात होत्या. कुठली कधी भरवली (रेतन करून घेतलं), कुणाची आई कोण, कुठल्या गायीचं कुठलं सड दगडीनं (कासेच्या सुजेनं) गेलंय, सगळं तोंडपाठ. जनावरं चार-पाच होती तोवर हे निभावलं. आता वडील थकलेत आणि हे सगळं कुठंतरी उतरवून ठेवायलाच हवं.

समोर तीन पर्याय आहेत. एक जाड वही. दुसरं गूगल शीट, ते मला बऱ्यापैकी जमतं. तिसरं गोठ्यासाठीचं तयार अ‍ॅप, ज्याचे वर्षाला पैसे भरावे लागतात.

अडचणी अशा: गोठ्यात मोबाईलला रेंज जेमतेम. धारा काढतात आई, बायको आणि एक गडी. गड्याला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. मी दिवसभर नोकरीला बारामतीत. एवढ्या गोठ्याला सॉफ्टवेअर घ्यावं का, आणि घ्यायचं तर काय बघून?

खानदेशी_शेतकरी

वही घ्या. शंभर रुपयांत काम होतं.

हिशेबनीस

वहीत लिहिणं सोपं आहे, पण वहीला काही विचारता येत नाही. गाभण न राहिलेली गाय साधारण एकवीस दिवसांनी परत माजावर येते, म्हणजेच उलटते. "या आठवड्यात कुठल्या गायींचा एकविसावा दिवस येतोय?" याचं उत्तर काढायला पूर्ण वही चाळावी लागते, आणि ती कुणी चाळत नाही. गाय उलटून माजावर येते, कुणाच्या लक्षात येत नाही, आणखी एकवीस दिवस फुकट खाऊ घालायचं.

शीट मी अशी केली आहे. एका ओळीत एक भरवणं: गायीचं नाव, टॅग (कानातल्या बिल्ल्याचा नंबर), भरवल्याची तारीख, वळूचा नंबर. पुढच्या रकान्यांत तारखा आपोआप येतात. उदाहरणार्थ १२ मार्चला भरवली, तर २ एप्रिलला माजाकडे लक्ष, ११ मेच्या सुमारास गाभण तपासणी, २१ ऑक्टोबरला आटवायची (दूध काढणं बंद करायचं), २० डिसेंबरच्या आसपास विणार. सूत्र साधं आहे, तारखेत २१, ६० आणि २८३ मिळवायचे, आणि आटवायची तारीख विण्याच्या ६० दिवस आधी. जी तारीख सात दिवसांच्या आत आली ती ओळ पिवळी होते, उलटून गेली की लाल.

दोन ठिकाणी सगळ्यांचं अडतं, म्हणून आधीच सांगतो. शीटच्या सेटिंगमध्ये तारखेचा देश भारत निवडा, नाहीतर ५/६ म्हणजे पाच जून लिहिलेलं शीट सहा मे समजतं आणि पुढची सगळी गणितं महिन्यानं चुकतात. आणि टॅगचा रकाना मजकूर म्हणून ठेवा. टॅग बारा आकडी असतो. एक्सेलमध्ये तो संख्या म्हणून टाकला की "१.०२ई+११" असं काहीतरी दिसायला लागतं.

खानदेशी_शेतकरी

@हिशेबनीस, वहीला विचारता येत नाही हे मान्य. म्हणून आमच्याकडे जोडीला भिंतीवरचं कॅलेंडर आहे. गाय भरवली की त्याच वेळी एकवीस दिवस पुढच्या चौकोनात तिचं नाव लिहायचं. रोज सकाळी तिथी बघताना नाव दिसतंच. त्याला रेंज लागत नाही आणि चार्जिंगही.

मुक्तगोठा_राहुरी

कॅलेंडरवर माझाही विश्वास होता. पण गाय नऊ महिने नऊ दिवस वागवते, आणि कॅलेंडर डिसेंबरात संपतं. जानेवारीत नवीन टांगलं जातं, जुनं कुणीतरी डब्यात अंथरतं. मार्चमध्ये विणारी गाय कधी भरवली होती ते त्या डब्याच्या तळाशी.

खानदेशी_शेतकरी

😀 डब्याचं खरं आहे. आमच्या घरी मात्र जुनं कॅलेंडर गोठ्याच्या खिळ्यालाच राहतं, वासरं विकली तरी ते विकत नाही.

पशुवैद्य_माण

मी खासगी प्रॅक्टिस करतो, त्यामुळे रोज पाच-सहा गोठे बघतो. वही असो वा मोबाईल, मला फरक पडत नाही. फरक पडतो तो तारखेनं.

शेतकरी फोन करतो, "डॉक्टर, गाय सारखी उलटतेय." मी विचारतो, आधी कधी माजावर होती? उत्तर येतं, "झाला असेल महिना." एवढ्यावर मी काय ठरवणार? तारखा असतील तर निम्मं निदान तिथंच होतं. बरोबर १८ ते २४ दिवसांनी परत माजावर येतेय, तर चक्र ठीक आहे, गर्भधारणा होत नाही: भरवण्याची वेळ, वीर्याची हाताळणी, गर्भाशयाचा संसर्ग, या दिशेनं बघतो. ४० ते ४५ दिवसांनी येतेय, तर बहुधा मधला एक माज हुकला, म्हणजे गायीपेक्षा निरीक्षणाचा प्रश्न. मधलेच, तीस-पस्तीस दिवस असतील, तर गर्भ राहून लवकर गेला का अशी शंका येते. तीन गायी, तीन वेगळे इलाज, आणि घरात तिघींनाही "उलटते" हाच एक शब्द.

लसीचंही तसंच. ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची) लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच द्यायची असते. जन्मतारीख लिहिलेली नसेल तर ती वेळ कधी आली आणि कधी गेली हे कळत नाही. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी. जंतनाशक वेगळं. एवढं सगळं कुणाच्याही डोक्यात राहत नाही, आणि राहू नये.

म्हणून @नीराकाठ, सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न दुसरा. पहिला असा की माजाची तारीख त्याच दिवशी कुठंतरी पडते का.

प्राजक्ता_संगमनेर

डॉक्टरांनी नेमकं बोट ठेवलं. त्याच्या पुढचा प्रश्न मी विचारते: ती तारीख टाकणार कोण?

पहाटे पाचला गोठ्यात मी असते. गाय सोट (माजाचा चिकट स्राव) टाकतेय, दुसरीवर चढतेय, दूध अर्धा लिटर कमी दिलंय, हे सगळं मला दिसतं. अ‍ॅप मात्र ह्यांच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल ह्यांच्या खिशात, आणि हे संकलन केंद्रावर. ते परत येईपर्यंत माझी वासरं पाजून, शेण काढून, मुलांचे डबे भरून झालेले असतात. विचारलं तर सांगते, नाहीतर राहून जातं. अशानं आमचं पहिलं अ‍ॅप दोन महिन्यांत रिकामं पडलं. त्यात अ‍ॅपचा दोष शून्य होता.

आता गव्हाणीच्या शेवटच्या खांबाला पांढरा बोर्ड आहे. मार्कर दोरीनं बांधलेला, कारण सुटा मार्कर पोरं पळवतात. बोर्डावर पाचच उभे रकाने: नाव, माज, भरवली, औषध, इतर. धार काढता काढता मी किंवा सासूबाई लिहितो. सासूबाई कमी शिकलेल्या आहेत, पण "रा. माज स." एवढं झकास लिहितात, म्हणजे राणी, माज, सकाळी. रात्री बोर्डाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. रविवारी मुलगी फोटो बघून शीटमध्ये भरते. गोठ्यात रेंज नसली तरी काही अडत नाही.

दादा, तुमच्याकडे धारा आई आणि वहिनी काढतात असं लिहिलंय. मग अ‍ॅप निवडायच्या आधी त्यांना विचारलं का, की त्यांना काय सोपं पडेल?

नीराकाठ

@प्राजक्ताताई, नाही विचारलं. आज रात्रीच विचारतो.

मुक्तगोठा_राहुरी

ताईंचा बोर्ड उत्तम आहे, पण अ‍ॅपची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. माझ्याकडे चाळीसच्या वर जनावरं आहेत, मुक्त गोठा, दोन गडी. गडी वर्षा-दीड वर्षानं बदलतात. नवा गडी आला की त्याला कुठली गाय कोण तेच माहीत नसतं. अ‍ॅपमध्ये फोटो आहे, टॅग आहे, वेत (विणं) कितवं, गाभण किती महिन्यांची, सगळं एका पानावर. रोज सकाळी सहाला त्याच्या मोबाईलवर यादी येते: हिला माजासाठी बघ, हिला आटवायची, हिचा दगडीच्या इंजेक्शनचा तिसरा दिवस. ही यादी शीट स्वतःहून पाठवत नाही.

वंशावळही मला फार कामाची वाटते. तीन वर्षांनी कुठल्या वळूच्या मुली दुधाला चांगल्या निघाल्या हे अ‍ॅपवर एका बोटात दिसतं.

सोळा जनावरांना गळ्यातले पट्टे, पायातले सेन्सर वगैरे मात्र अजिबात घेऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

परत_गावाकडे

अ‍ॅप घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी: माहिती बाहेर काढता येते का.

मी एका छोट्या कंपनीचं अ‍ॅप घेतलं होतं, नाव घेत नाही. छान होतं, मराठी होतं, फोन केला की माणूस बोलायचा. मग एक दिवस ते प्ले स्टोअरवरून गेलं. फोनमधलं काही दिवस चाललं, मग लॉगिनच होईना. दोन वर्षांच्या नोंदींपैकी हातात राहिल्या त्या मधूनमधून काढलेल्या पीडीएफ. पीडीएफमधून तारखा शीटमध्ये हातानं उतरवायला बहिणीची आख्खी सुट्टी गेली.

त्यामुळे पैसे भरण्याआधी मोफतच्या मुदतीत दोन गायी टाका, चार नोंदी करा, आणि ती माहिती एक्सेलमध्ये उतरवून बघा. उतरली तर पुढचं बोला. विक्रेता "गरजच पडणार नाही साहेब" म्हणाला, तर तिथंच नमस्कार करा.

सहकार_वाचक

सगळेजण विकतच्या अ‍ॅपवर बोलताय, पण सरकारी यंत्रणा विसरलात. कानातला पिवळा बिल्ला, बारा आकडी, त्याची नोंद आधी इनाफ या सरकारी संगणकीय नोंदणीत व्हायची, आता भारत पशुधनमध्ये होते. शेतकऱ्याला ती १९६२ या अ‍ॅपवर बघता येते. ई-गोपाला हे पशुपालकांसाठीचं सरकारी अ‍ॅप तर २०२० मध्येच आलं. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. आणि २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपयांचं जे अनुदान जाहीर झालं, त्यालाही गायीची टॅगनं ऑनलाइन नोंद असण्याची अट होती. फुकट आणि अधिकृत असताना दुसरं कशाला?

पशुवैद्य_माण

@सहकार_वाचक, सरकारी नोंद हवीच, दुमत नाही. विम्याच्या पॉलिसीवर तोच टॅग नंबर असतो, दाव्याच्या वेळी तोच बघतात. पण त्या यंत्रणेत लस, रेतन, उपचार या नोंदी मुख्यतः आमच्यासारखे लोक टाकतात. गोठ्यातला माज, रोजची कुरबुर, चाऱ्याचा खर्च तिथं येत नाही. आणि आम्ही दिवसभराच्या नोंदी कधी रात्री, कधी दोन दिवसांनी भरतो. त्यामुळे तुमची नोंद तुमच्याकडे, आणि दोन्हीला जोडणारा धागा म्हणजे टॅग नंबर. गाय विकली की मालकी बदलून घ्या, नाहीतर तुमच्या नावावर पाच वर्षांपूर्वी विकलेली गाय चरत राहते.

वाईकरीण

टॅगवरून आठवलं, टॅग पडला तर काय? आमच्या दोन गायींनी कुंपणात अडकवून तोडून टाकले. नवा टॅग मारला की नवा नंबर. जुना नंबर कुठं लिहिला नसेल तर पाच वर्षांची गाय कागदावर आज जन्मलेली.

म्हणून शीटमध्ये मुख्य ओळख टॅग ठेवू नका. घरचा क्रमांक ठेवा, जो कधी बदलत नाही, आणि शेजारी "सध्याचा टॅग", "आधीचा टॅग" असे रकाने.

अण्णा_कागल

घरचा क्रमांक कशाला, नाव आहे की.

वाईकरीण

अण्णा, आमच्याकडे तीन राण्या आहेत.

अण्णा_कागल

मग थोरली राणी, मधली राणी, धाकटी राणी. दशरथाचं चाललं, तुमचं का चालू नये 😀

हिशेबनीस

थोरली विकली की मधलीला थोरली म्हणणार, आणि शीटमध्ये दूध तिच्या खात्यात. नाव आणि घरचा क्रमांक दोन्ही ठेवा: "राणी ०७". गड्याला नाव, शीटला क्रमांक.

पंढरपुरी

@नीराकाठ, तुमच्याकडे दोन म्हशी आहेत म्हणून सांगतो. बऱ्याच अ‍ॅपमध्ये गाभणकाळ गायीचाच धरलेला असतो. म्हैस ३१० दिवसांच्या आसपास घेते, आपल्याकडं म्हणतात तसं दहा महिने दहा दिवस. माझ्या मेव्हण्याकडे अ‍ॅप रोज लाल अक्षरांत सांगायचं, "विण्याची तारीख उलटून गेली", घरचे रात्र-रात्र जागायचे, आणि म्हैस निवांत रवंथ करायची. घेण्याआधी म्हैस म्हणून टाकून बघा, तारीख बदलते का ते.

म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर फारच. चढणं-ओरडणं कमी, त्यातही रात्री. त्यामुळे म्हशीसाठी "माज" या रकान्याशेजारी "शंका" असा रकाना ठेवा. बारीक सोट, लघवी वारंवार, दूध चोरणं, जे दिसेल ते त्या दिवसापुढं. दोन शंका एकवीस दिवसांच्या अंतरानं जुळल्या की तिसऱ्या वेळी डॉक्टरला आधीच सांगून ठेवता येतं. आम्ही असंच दोन म्हशींचं गाभण राहणं रुळावर आणलं.

रेतन_सेवक

मी कृत्रिम रेतनाचं काम करतो. माझं म्हणणं एवढंच की वळूचा नंबर लिहा. "एचएफ भरली" एवढंच लिहून उपयोग नाही. वीर्याच्या प्रत्येक कांडीवर (बारीक नळीवर) वळूचा नंबर, जात आणि वीर्य केंद्राची खूण छापलेली असते. आम्ही घाईत असतो, रिकामी कांडी खिशात घालून निघून जातो. थांबवा आणि मागून घ्या. फलटणलाच एक ताई ती कांडी वहीच्या पानावर चिकटपट्टीनं चिकटवतात, शेजारी तारीख आणि गायीचं नाव. त्या पानाला दुसरा पुरावा लागत नाही.

का मागायची तेही सांगतो. आज भरवलेल्या गायीची कालवड दोन वर्षांत भरवायला येते. तेव्हा तिच्या बापाचा नंबर माहीत नसेल तर आमच्या डब्यातून त्याच वळूची कांडी निघू शकते. बाप-लेकीचा संबंध झाला की वासरं कमजोर, दूध कमी. याला औषध नाही.

वायकाटो

मी मूळचा सांगलीचा, न्यूझीलंडमध्ये वायकाटो भागात डेअरी फार्मवर काम करतो. धागा वाचून राहवलं नाही.

इथं बहुतेक फार्मवर मिंडा नावाची नोंदपद्धती वापरतात. ती एलआयसीची आहे, आपली विमावाली नव्हे, इथली पशुपैदाशीची सहकारी संस्था. मोबाईलवर चालते, दूध तपासणी, रेतन, वंशावळ सगळं त्यात. तरीही विण्याच्या हंगामात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, माझ्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल असते. पावसात, चिखलात, हातमोजे घालून मोबाईलवर टाइप होत नाही. गायीचा नंबर, वासराचा नंबर, नर की मादी, एवढं वहीत. संध्याकाळी चहा घेताना मिंडात. इतकी यंत्रं असलेल्या देशातही पहिली नोंद कागदावरच होते, म्हणून संगमनेरच्या ताईंचा बोर्ड मला मुळीच मागासलेला वाटला नाही.

टॅगबद्दल. इथं २०१२ पासून गुरांना इलेक्ट्रॉनिक टॅग आणि त्याची राष्ट्रीय नोंद सक्तीची आहे. वासराला १८० दिवसांच्या आत किंवा फार्मबाहेर नेण्याआधी, जे आधी असेल तेव्हा. २०१७ मध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा रोग इथं पहिल्यांदा सापडला. तेव्हा लक्षात आलं की अनेकांनी जनावरं इकडून तिकडं नेल्याच्या नोंदीच केल्या नव्हत्या. रोग कुठून कुठं गेला याचा माग काढणं त्यामुळे फार जड गेलं, आणि हजारो जनावरं मारावी लागली. तुमच्या शीटमध्ये "कुठून आणली, कधी, कुणाकडून" आणि "कुणाला दिली" हे रकाने ठेवाच. २०२२ ला लम्पीची मोठी साथ आली तेव्हा नव्यानं आणलेलं जनावर कुठलं, ते आपल्याकडं किती जणांना सांगता आलं असतं?

मुक्तगोठा_राहुरी

@वायकाटो, फार उपयोगी. दुधाची नोंद तिकडं रोज होते का?

वायकाटो

आमच्या फार्मवर नाही. टाकीतलं एकूण दूध रोज कळतं. एकेका गायीची तपासणी हंगामात ठरावीक वेळाच, तेव्हा नमुनेही जातात.

हिशेबनीस

हाच मुद्दा मला मांडायचा होता. नवखे लोक रोज प्रत्येक गायीचं दोन्ही वेळचं दूध लिहायला घेतात, आणि तीन आठवड्यांत दमतात. मग दुधाबरोबर माजही लिहायचं बंद होतं. महिन्यातून एक दिवस ठरवा, समजा महिन्याची एक तारीख. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीचं दूध वजनकाट्यावर. त्याला तीसनं गुणलं की महिन्याचा ढोबळ अंदाज. विल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी गाय सर्वांत जास्त दूध देते, तो आकडा दोनशेनं गुणला की वेताचं दूध साधारण कळतं. वीस लिटरवर चढलेली गाय वेताला चार हजारांच्या आसपास देईल. ठेवायची की विकायची, एवढं ठरवायला हे पुरतं.

मुक्तगोठा_राहुरी

असहमत. दगडी सुरू होताना आधी दूध घटतं. रोजची नोंद असेल तर ते लगेच दिसतं. महिन्यातून एकदा मोजून काय कळणार?

पशुवैद्य_माण

दोघांचंही बरोबर, पण दगडीसाठी आकड्यापेक्षा हात आणि डोळे आधी सांगतात. प्रत्येक धारेआधी पहिल्या तीन-चार चिळकांड्या काळ्या कपड्यावर किंवा वाटीत काढा. गुठळी, पाणचट दूध, रक्ताची छटा लगेच दिसते. दिसलं की बोर्डावर सडासकट लिहा: "राणी ०७, मागचं डावं". दोन महिन्यांत तेच सड तीनदा आलं तर इलाजाची दिशा बदलते. आणि प्रतिजैविक दिलं की दूध कधीपासून संकलनात घालायचं ती तारीखही तिथंच, ठळक. हा रकाना ज्या अ‍ॅपमध्ये नाही ते अ‍ॅप घेऊ नका.

परत_गावाकडे

खर्चाचं कुणी बोललं नाही अजून.

हिशेबनीस

थोडक्यात सांगतो. दहा दिवसांचा दुधाचा पगार आला की पावतीवरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणि रक्कम एका ओळीत. पशुखाद्य, सरकी, मुरघास, औषध, गडी, वीज, जे पैसे जातील ते दुसऱ्या पानावर. घरच्या शेतातल्या मक्याला बाजारभाव लावा, शून्य लावू नका, नाहीतर गोठा फायद्यात दिसतो आणि शेत तोट्यात. सुरुवातीला खर्च एकेका गायीवर वाटत बसू नका. पूर्ण गोठ्याचा लिटरमागे खर्च निघाला तरी पुष्कळ.

नीराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बसून बोललो. आई म्हणाली, मोबाईल मला नको, बोर्ड चालेल. बायकोला बोर्डाचा फोटो काढायला हरकत नाही, तिचं म्हणणं की शीट रविवारी मी एकट्यानं भरू नये, तिनं बसून वाचून दाखवायचं आणि मी टाइप करायचं, म्हणजे अक्षराचे घोळ होणार नाहीत. गडी म्हणाला, जनावरांचे फोटो बोर्डाच्या वर चिकटवा, नावं पटकन पाठ होतील.

तर असं ठरतंय: गोठ्यात बोर्ड, आठवड्याला गूगल शीट, कांड्या वहीत चिकटवायच्या. विकतचं अ‍ॅप सध्या नाही. जनावरं पंचवीसच्या पुढं गेली किंवा दुसरा गडी ठेवावा लागला, तर तेव्हा बघू, आणि तेव्हा शीटमधली माहिती त्यात घेता येते का, हे आधी विचारू.

आता दोन शंका. वडिलांच्या डोक्यातलं जुनं सगळं कसं उतरवायचं? आणि आत्ता ज्या गायी भरवून झाल्यात पण तारीख नक्की नाही, त्यांचं काय लिहायचं?

प्राजक्ता_संगमनेर

वहिनींची अट मला फार आवडली.

वडिलांना वही देऊन "लिहा" म्हणू नका, ते टाळतील. त्यांना गोठ्यात घेऊन जा, एकेका गायीपुढं उभे राहा आणि मोबाईलवर आवाज मुद्रित करा. समोर गाय असली की माणसाला सगळं आठवतं. आमच्या सासऱ्यांनी एका कालवडीच्या आजीपर्यंत सांगितलं, ती कुठल्या बाजारातून आणली आणि पहिल्या वेताला तिचा जार (वार) अडकला होता, तेसुद्धा. एका दिवशी तीन-चारच जनावरं घ्या, जास्त झालं की कंटाळतात.

रेतन_सेवक

तारखांसाठी तुमच्या रेतन करणाऱ्याला विचारा. आमच्याकडे नोंदवही असते. टॅग नंबर सांगितला की मागच्या काही महिन्यांच्या तारखा आणि वळूचे नंबर बहुतेक मिळतील.

पंढरपुरी

@हिशेबनीस, ती रिकामी शीट इथं द्याल का? म्हशीसाठी ३१० चा वेगळा रकाना करून.

हिशेबनीस

देतो. जनावर गाय की म्हैस हे निवडायचा रकाना केला आहे, त्याप्रमाणे २८३ किंवा ३१० आपोआप लागतात. वाईकरीण म्हणाल्या तसा "आधीचा टॅग" आणि वायकाटोंचे "कुठून आणली / कुणाला दिली" हेही घातले आहेत. रात्री लिंक टाकतो.

पशुवैद्य_माण

@नीराकाठ, तारीख नक्की नसेल तर अंदाजानं भरू नका, रकान्यात "अंदाज" असं स्पष्ट लिहा. अंदाजाची तारीख एकदा शीटमध्ये गेली की महिन्याभरात सगळे ती खरीच मानतात.

सुरुवात अशी करा: एक दिवस ठरवून तुमच्या डॉक्टरांना बोलवा आणि सगळ्या भरवलेल्या गायी-म्हशी एकाच दिवशी तपासून घ्या. भरवून दोन महिने होऊन गेलेल्या जनावरांचं गाभण आहे की नाही आणि साधारण किती महिन्यांचं, हे हातानं कळतं. त्याहून अलीकडे भरवलेल्यांची पुढची तारीख तिथंच बोर्डावर लिहून घ्या. त्याच दिवशी टॅग वाचून जुळवा आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडी किती आहेत ते मोजा. वहिनींना सोबत उभं करा, डॉक्टर बोलतील तसं त्यांनी लिहायचं. गायी सकाळची धार झाल्यावर, चारा टाकून दावणीला बांधून ठेवा, म्हणजे पकडापकडीत वेळ जात नाही.